ड्रॉइंगवरच्या जीडी अँड टीच्या चौकटी वाचायला तुम्ही कसं शिकलात?

वाळूज_दुसरी_पाळी · सोमवार, रात्री १२:५०

नमस्कार मंडळी. दुसरी पाळी सुटून आत्ताच खोलीवर आलोय. जे झालं ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

मी गेवराईकडचा. डिप्लोमा करून दीड वर्षापासून वाळूजला एका छोट्या मशीनिंगच्या कंपनीत क्वालिटीला आहे. व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर डायल, हाइट गेज हातात बसलेत. प्लस-मायनसवालं ड्रॉइंग असलं तर माझ्या रिपोर्टमध्ये सहसा चूक निघत नाही. पण गेल्या महिन्यापासून एका नवीन कस्टमरचं ॲल्युमिनियमचं हाउसिंग चालू झालंय आणि त्याच्या ड्रॉइंगवर जिकडं पाहावं तिकडं जीडी अँड टीच्या चौकटी. भागाचा आकार आणि जागा किती चुकलेली चालेल हे त्या चिन्हांत सांगतात.

जॉब असा आहे: मागची बाजू कास्टिंग आली तशीच. पुढचा फेस मशीन केलेला, त्याला ए हे डेटमचं, म्हणजे मोजायच्या आधाराचं अक्षर. मध्ये २५ एच७ चा बोअर, त्याला बी. कडेला एक स्लॉट, त्याला सी. कोपऱ्यांत चार भोकं, ९.० ते ९.२. भोकांच्या मापाखाली चौकट: आधी पोझिशनचं चिन्ह, मग डायाचं चिन्ह आणि ०.२, त्याला लागून गोलातला एम, पुढे ए, बी, सी. फेसवर फ्लॅटनेस (सपाटपणा) ०.०५.

मी ०.२ म्हणजे एक्समध्ये ±०.१ आणि वायमध्ये ±०.१ असं धरलं. साठच्या लॉटमधले १७ नग लाल डब्यात टाकले. फ्लॅटनेस म्हणून सरफेस प्लेटवर डायल फिरवला, त्यात आणखी ९ गेले. दुसऱ्या दिवशी कस्टमरकडचे क्वालिटीचे साहेब आले, दोन तास बसले, आणि त्या २६ मधले २० नग चांगले निघाले. ज्या ऑपरेटरनं रात्रभर उभं राहून ते काढले त्याला मी सकाळीच रिजेक्शनचा आकडा सांगितला होता. त्याचा पडलेला चेहरा अजून डोळ्यासमोर आहे.

व्हिडिओ पाहिलेत. चौदाही चिन्हांची नावं पाठ आहेत. तरी ड्रॉइंग समोर आलं की चिन्ह ओळखू येतं, पण जॉब कशावर टेकवायचा आणि नेमकं काय मोजायचं ते उमगत नाही. तुम्ही कसं शिकलात? कुठल्या क्रमानं?

डायलचा_काटा · मंगळवार, सकाळी ७:१५

पोरा, बाराखडी पाठ असली म्हणून सातबारा वाचता येत नाही. तिथं कुठल्या रकान्यात काय बघायचं ते आधी कळावं लागतं. चौकटीचंही तेच आहे. तू चिन्हापासून वाचायला सुरुवात केलीस. मी २८ वर्षं टूल रूममध्ये काढली, आणि माझ्याकडे आलेल्या प्रत्येक पोराला एकच गोष्ट आधी शिकवली: चौकट शेवटाकडून वाच. ए, बी, सी आधी. चिन्ह आणि आकडा नंतर.

ए म्हणजे जॉब ज्यावर बसतो ते. तीन दगडांची चूल कधी डगमगत नाही, चौथा दगड ठेवलास की डुगडुगते. प्लेनला तीन टेकू पुरतात, म्हणून ए ला किमान तीन ठिकाणी टेकणं. जॉब आता वरखाली होणार नाही, दोन्ही बाजूंना कलणार नाही. सहापैकी तीन हालचाली बंद. बी हा तुझ्याकडे बोअर आहे, तो डावं-उजवं आणि पुढं-मागं सरकणं बंद करतो. राहिलं फक्त बोअरभोवती गरागरा फिरणं, ते स्लॉट म्हणजे सी थांबवतो. सहा हालचाली संपल्या, जॉब जागच्या जागी. आता भोक कुठे आहे ते विचार. याच्या आधी विचारलंस तर उत्तराला अर्थ नाही.

आणि क्रम बदलू नकोस. बी आधी आणि ए नंतर असं धरलंस तर बोअरचा अक्ष राजा होतो आणि फेस बिचारा जिथं टेकेल तिथं टेकतो. तुझा बोअर किती खोल आहे? बारा-पंधरा मिलिमीटर असेल तर एवढ्याशा लांबीवरून घेतलेला अक्ष कोपऱ्यातल्या भोकापर्यंत जाईस्तोवर किती कलेल ते तूच काढ.

फ्लॅटनेसचं संध्याकाळी लिहितो. तिथं तुझी चूक वेगळी आहे.

वाळूज_दुसरी_पाळी · मंगळवार, सकाळी ११:३०

काका, बोअर १४ खोल आहे. आणि मी हाउसिंग कच्च्या बाजूवर ठेवून मोजलं होतं, कारण ती बाजू मोठी आहे आणि स्थिर बसते.

शेंद्रा_डिझाइन · मंगळवार, दुपारी १:४०

मी ड्रॉइंग काढणाऱ्या बाजूची. ए फेसला का दिला असेल ते सांगते, म्हणजे पाठ करावं लागणार नाही.

हे हाउसिंग कुठं बसतं? समोरच्या कव्हरवर किंवा केसवर. चार बोल्ट आवळले की फेस समोरच्या फेसवर ओढला जातो. बोल्टच्या जोरापुढे बोअरचं काही चालत नाही, जॉब कसा उभा राहणार हे फेसच ठरवतो. म्हणून ए. बोअरमध्ये काहीतरी स्पिगॉट (समोरच्या पार्टचा गोल उभार) जात असेल, तो मध्य दाखवतो. म्हणून बी. स्लॉटमध्ये पिन जात असेल, ती जॉब फिरू देत नाही. म्हणून सी. कच्च्या बाजूला असेंब्लीत कुणीच शिवत नाही, मग मोजताना तरी तिच्यावर का बसवायचं?

मला प्रत्येक नवीन इन्स्पेक्टरला सांगावंसं वाटतं की ड्रॉइंग हातात घेण्याआधी असेंब्ली बघायला माग. पार्ट कुठं बसतो ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की डेटमचा क्रम बहुतेक वेळा आपोआप सुचतो. असेंब्ली आणि डेटमचा मेळ बसत नसेल तर कस्टमरला विचार. चूक आमची पण असते. दोन वर्षांपूर्वी माझ्याच एका ड्रॉइंगमध्ये मी जुन्या पार्टच्या चौकटी तशाच उचलल्या होत्या, आणि ज्या फेसला ए होता तो नवीन पार्टमध्ये हवेत होता. एका व्हेंडरनं फोन करून विचारलं म्हणून कळलं. तो फोन आला नसता तर आम्ही चुकीच्या बाजूवर पैसे घालवत राहिलो असतो.

परभणी_तिसरं_वर्ष · मंगळवार, दुपारी ३:०५

सर-ताई, मी अजून शिकतोय, प्रश्न अगदीच साधा वाटला तर माफ करा. ड्रॉइंगमध्ये काही मापं डब्यात असतात, समजा ४२ च्या भोवती चौकोन. त्याला टॉलरन्स लिहिलेला नसतो. म्हणजे ते ४२.००० च पाहिजे का? की खाली टायटल ब्लॉकमधला जनरल टॉलरन्स लावायचा?

डायलचा_काटा · मंगळवार, संध्याकाळी ६:२०

चांगला प्रश्न आहे, यावर मोठे मोठे अडकतात.

तुमच्याकडे शेतीची मोजणी झाली असेल. नकाशावर बांधाची लांबी लिहिलेली असते. ती लांबी म्हणजे हद्दीचा दगड कुठं असायला हवा ती जागा. नकाशातला आकडा कमी-जास्त होत नाही. जमिनीत रोवलेला दगड त्या जागेपासून किती सरकला तर भांडण होणार नाही, हा हिशोब वेगळा. डब्यातलं ४२ म्हणजे नकाशातला आकडा. भोकाची खरी जागा तिथं आहे. भोक तिथून किती सरकलेलं चालेल ते चौकटीत लिहिलंय, डाया ०.२. म्हणून डब्यातल्या मापाला जनरल टॉलरन्स लावायचा नाही, कधीच नाही. रिपोर्टमध्ये '४२ ±०.३, मिळालं ४२.११, ओके' असं लिहिलेलं मी पाहिलंय. त्या ओळीला काही अर्थ नसतो.

आणि मोजणी करणारा शेजाऱ्याच्या बांधापासून पुढे, मग त्याच्या शेजाऱ्याच्या बांधापासून पुढे असं मोजत गेला तर प्रत्येक ठिकाणची चूक गोळा होत जाते. तो पक्क्या खुणेपासून मोजतो. पक्की खूण म्हणजे डेटम.

आता वाळूजवाल्याचा फ्लॅटनेस. चौकटीत ०.०५ च्या पुढे ए, बी, सी काही आहे का? नाही. फ्लॅटनेसला डेटम नसतो. तो पृष्ठभाग स्वतःपुरता सपाट आहे का एवढाच सवाल. तू जॉब कच्च्या बाजूवर ठेवलास आणि वरच्या फेसवर डायल फिरवलास. त्यात कास्टिंगचा तिरपेपणा धरून मोजलास. ती पॅरललिझम (समांतरपणा) झाली, तीसुद्धा ड्रॉइंगनं न मागितलेली.

असं कर. फेस वर ठेव, जॉबखाली तीन बारीक जॅक लाव. फेसवरचे तीन लांब लांबचे बिंदू घे आणि जॅक कमी-जास्त करून तिन्ही ठिकाणी काटा शून्यावर आण. मग सगळ्या फेसवर डायल फिरव. सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं वाचन यांच्यातला फरक म्हणजे फ्लॅटनेस. खऱ्या फ्लॅटनेसपेक्षा थोडा जास्त दाखवू शकतो, कारण तीन बिंदू आपण निवडले, पण कमी दाखवणार नाही. या पद्धतीत ०.०५ च्या आत आला तर निर्धास्त पास कर. थोडा बाहेर गेला तर दुसरे तीन बिंदू घेऊन बघ किंवा सीएमएमवर (बिंदू घेऊन मोजणाऱ्या मशीनवर) टाक.

वाळूज_दुसरी_पाळी · मंगळवार, रात्री १२:३५

काका, आज केलं. लाल डब्यातले ते ९ नग ठेवूनच घेतले होते. माझ्या जुन्या पद्धतीनं ०.११ दाखवणारा नग जॅकवर ०.०३ आला. नऊच्या नऊ ०.०५ च्या आत. ऑपरेटरला बोलावून दाखवले.

जालना_लेथ · बुधवार, सकाळी ९:१०

आमचं टर्निंगचं काम, शाफ्ट जास्त. तुमच्या हाउसिंगमध्ये नसलं तरी हे लिहितो, कारण पुढं-मागं येईलच.

पहिली गोष्ट रनआउट, म्हणजे शाफ्ट फिरवल्यावर काटा किती हालतो ते. दोन बेअरिंगच्या जागा ए आणि बी, आणि चौकटीत शेवटी ए-बी अशी मधे रेघ असती. म्हणजे दोन्ही मिळून एक अक्ष. आम्ही लई दिवस सेंटरमधे (टोकांच्या भोकांत) धरून रनआउट बघायचो, शून्य यायचा, आणि कस्टमरकडं जाऊन फेल. कामून? सेंटर ड्रिल आणि बेअरिंगच्या जागा एकाच सेटिंगला नव्हत्या काढल्या. ड्रॉइंगनं बेअरिंगच्या जागा मागितल्या होत्या, आम्ही सेंटर देत होतो. आता दोन व्ही-ब्लॉकवर त्याच दोन जागा टेकवतो.

दुसरी. अक्ष ०.०५ नं सरकलेला असला तर काटा ०.१ फिरतो, एका बाजूला ०.०५ आणि दुसऱ्या बाजूला ०.०५. रनआउट ०.१ लिहिलंय म्हणजे अक्ष ०.१ सरकला तर चालतंय असं समजू नका, निम्मंच मिळतंय. त्यातही गोलाईचा दोष त्याच आकड्यात बसवायचा.

तिसरी, गोलाई. सेंटरलेस ग्राइंडिंगचा एक माल आला होता, मायक्रोमीटरनं कुठूनबी मोजा, २०.०० च. आणि रिंगमधे जाईना. त्याला तीन कोपरे होते. तीन कोपऱ्यांचा आकार कुठूनबी पकडला तरी समोरासमोरचं माप तेच येतंय, म्हणून दोन टोकांच्या मापाला तो दिसत नाही. व्ही-ब्लॉकमधे ठेवून फिरवा. ६० अंशाच्या व्हीमधे तीन कोपऱ्यांचा दोष काट्यावर तिप्पट दिसतो, ९० च्या व्हीमधे दुप्पट. पण दोष पाच कोपऱ्यांचा असला तर ६० चा व्ही त्याला पूर्ण लपवतो, काटा हालतच नाही. ९० च्यात तो दुप्पट दिसतो. दोन्ही ठेवा.

इंडो_जर्मन_२००७ · बुधवार, दुपारी १२:२०

जालनेकर भाऊंनी लिहिलेलं पाच कोपऱ्यांचं मी चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डायच्या डिप्लोमाला असताना मास्तरांकडून ऐकलं होतं, नंतर स्वतः पाहिलं. खरं आहे.

आता पोझिशनचा आकडा, कारण मूळ धागाकर्त्याचे १७ नग त्यातच गेलेत.

चौकटीत ०.२ च्या आधी डायाचं चिन्ह आहे. म्हणजे खऱ्या जागेभोवती ०.२ व्यासाची एक नळी, आणि भोकाचा अक्ष त्या नळीत राहिला पाहिजे. चौकोन नाही. मापं घेतल्यावर एक्सचा फरक आणि वायचा फरक यांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा, आणि दुप्पट करा. दुप्पट करायचं विसरू नका, कारण चौकटीत व्यास आहे आणि तुम्ही त्रिज्या काढलीत.

एका भोकाचा एक्स ०.१२ चुकला, वाय ०.०९ चुकला. वर्ग ०.०१४४ आणि ०.००८१, बेरीज ०.०२२५, वर्गमूळ ०.१५, दुप्पट ०.३०. ०.२ पेक्षा जास्त आहे ना? थांबा, एम राहिला.

एम म्हणजे हा ०.२ भोक सगळ्यात लहान असतानाचा, म्हणजे ९.० असतानाचा. भोक जितकं मोठं निघेल तितका तुम्हाला जादा मिळतो. हे भोक ९.१२ निघालं असेल तर ०.२ अधिक ०.१२, म्हणजे ०.३२ पर्यंत चालतं. ०.३० आत आहे. नग पास. तुमच्या ±०.१ च्या हिशोबानं तो एक्समध्येच फेल होता.

उलटंही होतं. एक्स ०.०२, वाय ०.१७, पोझिशन ०.३४ च्या आसपास. भोक ९.०८ असलं तर परवानगी ०.२८. फेल, आणि खरोखर फेल.

या जादा मिळण्यात कुणी मेहरबानी करत नाहीये. आठाचा बोल्ट भोकातून जाणार. भोक मोठं असेल तर ते थोडं सरकलेलं असूनही बोल्ट जातोच. चांगला जाणारा पार्ट कागदावर फेल होऊ नये म्हणून ते अक्षर आहे.

डायलचा_काटा · बुधवार, संध्याकाळी ७:००

वा. यात एक जुनी गोष्ट जोडतो. गोल नळीची ही कल्पना स्टॅन्ली पार्कर नावाच्या माणसाची मानतात. १९३८ च्या सुमाराची गोष्ट, तो स्कॉटलंडमध्ये अलेक्झांड्रिया इथल्या टॉर्पेडोच्या कारखान्यात होता. प्लस-मायनसचा चौकोन घेतला तर कोपऱ्याच्या दिशेनं भोकाला जास्त सरकू देतो आणि सरळ दिशेनं कमी. ±०.१ चा चौकोन घे, त्याच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर ०.१४. कोपऱ्यातलं भोक चालतं, तर त्याच अंतरावर सरळ दिशेला असलेलं का नको? बोल्टला दिशा कळत नाही. चौकोनाच्या कोपऱ्यांतून जाणारं वर्तुळ काढलं तर क्षेत्रफळ ५७ टक्के वाढतं. तेवढा माल, जो आपण फेकतो, तो बसणारा असतो.

मला हे जेव्हा पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी मागच्या दहा वर्षांत भंगारात घातलेले जॉब आठवत बसलो होतो.

शेंद्रा_डिझाइन · बुधवार, रात्री ९:१५

एक महत्त्वाचं राहतंय. चौकट वाचायच्या आधी टायटल ब्लॉक वाच. ड्रॉइंग एएसएमई वाय १४.५ या अमेरिकन मानकानं काढलंय की आयएसओच्या आंतरराष्ट्रीय मानकानं, ते तिथं लिहिलेलं असतं. आपल्याकडे दोन्ही येतात, आणि चिन्हं सारखी दिसली तरी काही ठिकाणी अर्थ वेगळा.

सगळ्यात मोठा फरक: एएसएमईमध्ये साध्या मापालाच आकाराचं बंधन असतं. २०.० पेक्षा मोठा नको असलेला शाफ्ट वाकलेला असला तरी २०.० च्या परिपूर्ण नळीत बसायला हवा. आयएसओ ८०१५ प्रमाणे तसं नाही. तिथं माप वेगळं आणि सरळपणा वेगळा. बंधन हवं असेल तर मापापुढे गोलातला ई लावावा लागतो. ई नाही आणि सरळपणाची वेगळी चौकट नाही, तर दोन टोकांत मोजलेलं माप बरोबर आलेला वाकडा शाफ्ट मापाच्या नियमानं पास होतो.

चौदा चिन्हं पाठ केलीस म्हणालास. एएसएमईच्या २००९ च्या आवृत्तीत चौदा होती. २०१८ ला कॉन्सेंट्रिसिटी आणि सिमेट्री काढून टाकली, बारा राहिली. आयएसओ ११०१ मध्ये ती अजून आहेत. म्हणून आवृत्तीचं सालही बघ. जुन्या ड्रॉइंगवर आयएसओ २७६८-एमके लिहिलेलं दिसेल. त्यातलं के हे अक्षर भूमितीच्या जनरल टॉलरन्सचं, म्हणजे २७६८ च्या दुसऱ्या भागाचं. तो भाग २०२१ ला मागे घेतला, त्याजागी आयएसओ २२०८१ आला. पण जुनी ड्रॉइंगं चालू आहेत तोवर ते ओळखायला हवंच.

आणि डेटमचा त्रिकोण कुठं चिकटवलाय ते नीट बघ. बोअरच्या मापाच्या रेषेला सरळ रेषेत लावला असेल तर डेटम म्हणजे बोअरचा अक्ष. मापाच्या रेषेपासून बाजूला, नुसत्या पृष्ठभागाच्या रेषेवर लावला असेल तर डेटम म्हणजे पृष्ठभाग. दोन-तीन मिलिमीटर इकडं-तिकडं आणि मोजायची पद्धतच बदलते. चौकटीच्या बाणालाही हाच नियम.

लातूर_पॉलिटेक्निक · गुरुवार, सकाळी ८:३०

मी शिकवतो. मुलांना हे समजावताना माझी अडचण व्हायची ती भाषेची. मुलं इंग्रजी नावं घोकतात, फ्लॅटनेस, पोझिशन, टोटल रनआउट, आणि चौकट म्हणजे चित्र समजून पुढे जातात. तीन वर्षांपासून मी एकच गृहपाठ देतो: ड्रॉइंगमधली प्रत्येक चौकट मराठीत एका पूर्ण वाक्यात लिहून आणा. कर्ता, क्रियापद, सगळं हवं. अर्धं वाक्य चालणार नाही.

वाळूजच्या हाउसिंगवरची चौकट अशी लिहिली जाईल: "या चारही भोकांचे अक्ष, जॉब ए फेसवर टेकवून, बी बोअरमध्ये मध्यभागी धरून आणि सी स्लॉटनं फिरणं थांबवून ठेवल्यावर, आपापल्या खऱ्या जागेभोवतीच्या ०.२ व्यासाच्या नळीत असले पाहिजेत. आणि भोक ९.० पेक्षा जितकं मोठं निघेल तितकी नळी मोठी धरावी."

हे वाक्य लिहिताना मुलगा कुठं अडखळतो, तिथंच त्याला कळलेलं नसतं. "टेकवून" च्या आधी काय लिहावं कळेना, म्हणजे डेटम कळला नाही. "नळी" लिहावं की "दोन प्रतलांमधली जागा" कळेना, म्हणजे डायाच्या चिन्हाकडं पाहिलंच नाही. मला मोठी परीक्षा घ्यावी लागत नाही.

पुस्तक हवं असेल तर ड्रॉइंगच्या पद्धतींसाठी भारतीय मानक ब्युरोचं एसपी ४६ आहे, शाळा-कॉलेजसाठीच आहे. भूमितीच्या टॉलरन्ससाठी आयएस ८०००.

जालना_लेथ · गुरुवार, सकाळी १०:०५

सर, चांगलंय, पण शॉपवर कुणी "प्रतल" म्हणत नाही. कस्टमरच्या ऑडिटला इंग्रजीच बोलावं लागतंय. पोरांना मराठीत शिकवलं आणि ऑडिटरनं पर्पेंडिक्युलॅरिटी विचारली तर?

लातूर_पॉलिटेक्निक · गुरुवार, दुपारी १:१५

भाऊ, चिन्हाचं नाव इंग्रजीच ठेवा, माझी हरकत नाही. पर्पेंडिक्युलॅरिटीच म्हणा. मी वाक्य मराठीत मागतोय. "हा फेस ए ला काटकोनात उभ्या असलेल्या, एकमेकांपासून ०.१ अंतरावरच्या दोन सपाट भिंतींच्या मधे असला पाहिजे." यात "भिंती" म्हटलं तरी चालेल. हे वाक्य डोक्यात असलं की मुलगा अंश मोजत बसणार नाही. ०.१ हे मिलिमीटर आहेत, अंश नाहीत, हे वाक्यातच आलंय. ऑडिटरला उत्तर देताना त्याला इंग्रजी शब्द सापडतील, कारण काय सांगायचंय ते त्याला माहीत असेल.

जालना_लेथ · गुरुवार, दुपारी १:४०

भिंती पटलं. आमच्या दोन पोरांना आज बसवतो लिहायला.

चिकलठाणा_सीएमएम · गुरुवार, रात्री ११:१०

सीएमएमवाल्यांबद्दल कुणी लिहिलं नाही, मी लिहितो. मशीन महाग असली तरी डेटम आपणच सांगतो. आमच्याकडे पूर्वी घाईत ए प्लेनवर तीन पॉइंट घ्यायचे, तेही बोअरच्या कडेला जवळ जवळ. तीन पॉइंट २० मिलिमीटरच्या आत असले आणि एखाद्यावर ५ मायक्रॉनचा कचरा किंवा टूलमार्क असला, तर २०० मिलिमीटर दूरच्या भोकापाशी तो ५० मायक्रॉन होऊन दिसतो. पॉइंट शक्य तितके लांब, आणि तीनपेक्षा जास्त घ्या. फेस स्वच्छ पुसा. रिपोर्ट फेल आला तर मशीन दुसऱ्यांदा चालवण्याआधी प्रोग्रॅममध्ये अलाइनमेंट ए-बी-सी त्याच क्रमानं आहे का ते बघा. आमच्याकडे आलेल्या तक्रारींत बऱ्याचदा घोळ तिथंच निघाला.

रोजच्या उत्पादनासाठी या हाउसिंगला गेज बनवून घ्या. एम असल्यामुळे गेज शक्य आहे: ९.० वजा ०.२, म्हणजे ८.८ च्या चार पिना, खऱ्या जागांवर रोवलेल्या. फेस टेकतो, चारही पिना एकत्र आत जातात, पोझिशन पास. पण बी ला एम नाही, म्हणून मधली पिन ढिली चालणार नाही, बोअरला भरून धरणारी, फुगणारी मँड्रेल (दांडी) हवी. आणि गेज भोकाचं माप तपासत नाही. ९.० चा गो (आत जायलाच हवा) आणि ९.२ चा नो-गो (आत जायला नको) वेगळा लागतोच.

वाळूज_दुसरी_पाळी · पंधरा दिवसांनी, रविवार, सकाळी १०:४५

मंडळी, उशीर झाला, पाळ्या बदलल्या होत्या.

काय केलं ते सांगतो. ताईंनी सांगितल्याप्रमाणे सुपरवायझरना विनंती केली, त्यांनी कस्टमरकडून असेंब्लीचा फोटो मागवला. ए फेस खरंच केसवर बसतो, बोअरमध्ये एक रिंग जाते, स्लॉटमध्ये पिन. फोटो आमच्या इन्स्पेक्शन टेबलावर लावलाय. जॉब ठेवायला एक जाड रिंग काढून घेतली, आता कच्च्या बाजूवर कुणी ठेवत नाही. नवीन लॉटमध्ये प्रत्येक भोकाचं माप आधी घेतो, मग पोझिशन काढतो, मग परवानगी. एक्सेलमध्ये सूत्र टाकलंय, पण पहिले दहा नग हातानं केले. साठमध्ये तीन फेल आले, तिन्हींमध्ये वायकडेच जास्त चूक. ऑपरेटरला दाखवलं, त्यानं फिक्स्चरचा लोकेटर पाहिला, एका बाजूला झिजलेला होता. बदलला.

सरांचा गृहपाठही सुरू केलाय. वही केलीय. काल दुसऱ्या पार्टची एक चौकट लिहिली: पॅरललिझम, ०.०८, डेटम ए, डायाचं चिन्ह नाही, बाण वरच्या फेसवर. माझं वाक्य: "वरचा फेस ए फेसपासून ०.०८ अंतरावरच्या दोन भिंतींच्या मधे असला पाहिजे." बरोबर आहे का?

डायलचा_काटा · रविवार, सकाळी ११:२०

नाही. तू लिहिलंस त्यात भिंती ए पासून ०.०८ वर आहेत. ०.०८ हे दोन भिंतींमधलं अंतर आहे. ए पासून किती उंचीवर ते उंचीच्या मापानं ठरतं. आणि त्या भिंती ए ला समांतर आहेत हे लिहिलंच नाहीस. असं लिही: "जॉब ए वर टेकवल्यावर वरचा सगळा फेस, ए ला समांतर असलेल्या आणि एकमेकींपासून ०.०८ अंतरावरच्या दोन भिंतींच्या मधे असला पाहिजे."

वाळूज_दुसरी_पाळी · रविवार, सकाळी ११:३५

कळलं काका. "पासून" नं घात केला. खोडून खाली तुमचं लिहिलं. पुढच्या पानावर टोटल रनआउट आहे, ते आज दुपारी लिहून टाकतो.